दाजी, गिअर बराबर हाय

दाजी, काल तुमचा तेरावा झाला. पंगतीत सगळ्यांनी तुम्हाला चांगलं म्हटलं. असा दिलदार माणूस घनसावंगीत पुन्हा होणार नाही, असं जो तो सांगत होता आणि मी बुंदीचा घास तोंडात घोळवत ऐकत बसलो होतो. तुमच्या वडापच्या जीपमध्ये मेंढरासारखी कोंबून नेलेली ही माणसं. तुमच्या शिव्या खाल्लेली, भर उन्हात 'ढकला रे' म्हणून तुम्ही खाली उतरवलेली. मेल्यावर माणसाला एवढी सूट मिळते हे आधी माहीत असतं, तर मी जिवंतपणी तुमच्याशी इतकं भांडलो नसतो. अर्थात, मी भांडलो कुठं? तेच तर सांगायचंय.

मी तुमच्या बायकोचा, अक्काचा, धाकटा भाऊ. जालन्यात मस्तगडला गिअरबॉक्स दुरुस्तीचं माझं दुकान, आणि त्या दुकानावरून तुम्ही मला वीस वर्षं 'मिस्त्री' म्हणालात. लोक हा शब्द मानानं म्हणतात. तुम्ही तो दातात अडकलेली सुपारी काढावी तसा काढायचात. माझ्या लग्नात, नवरीच्या बापासमोर, तुम्ही म्हणालात, “आमचा मिस्त्री गिअर लई झकास खोलतो. बसवायला दुसरा बलवावा लागतो.” सासरे हसले. मीही हसलो. काय करणार, तुम्ही जावई होतात.

आमच्या घरात नियमच होता. जावयाला 'न्हाई' म्हणायचं नाही. तो म्हणेल त्याला 'बराबर' म्हणायचं. भाजीत मीठ घालायचं राहिलेलं असताना तुम्ही खारट म्हणालात, बराबर. गाडी रस्त्यावर बंद पडल्यावर तुम्ही म्हणालात रस्ता खराब आहे, बराबर. आई म्हणायची, “पोरगी त्याच्या दारात हाय बाबा. आपण एक न्हाई म्हणलो की तिला तिथं चार दिवस ऐकावं लागतं.” मला ते बायकांचं भित्रेपण वाटायचं. म्हणून एकदा, एकदाच, मी तो नियम मोडला.

कुंभार पिंपळगावचा बाजार होता. जीप विकून तुम्ही ती पांढरी जुनी गाडी नुकतीच घेतली होती, आणि चहाच्या हॉटेलात पाच-सहा जणांना सांगत होतात की क्लचप्लेट जळते ती गिअरच्या तेलामुळं. तेलात भेसळ आहे, बिलकुल खरं नाही हल्लीचं तेल. मी म्हणालो, “न्हाई दाजी. तुम्ही क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवता. पायानं जळती ती.” लोक हसले. तुम्हीसुद्धा हसलात. आणि घरी परत जाताना अर्ध्या वाटेवर, उसाच्या फडापाशी गाडी उभी करून तुम्ही अक्काला म्हणालात, “उतर. तुझ्या भावाला लई समजतं ना, त्याला म्हण घिऊन जा.” भर उन्हाळ्याच्या दिवसांत बाजाराची पिशवी घेऊन ती घरापर्यंत चालत गेली. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही तिच्याकडून नाही. तिला वाटेत चालताना बघितलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं.

तो वाद आपला मिटलाच नाही. म्हणून आता सांगतो: जळते ती पायानंच, दाजी. गिअरच्या तेलाचा क्लचप्लेटशी काही संबंध नसतो. आता उलट उत्तर देता येत नाही तुम्हाला, तर निदान ऐकून घ्या.

त्या दिवसापासून मी तुम्हाला फक्त 'बराबर' म्हणत आलो. तोंडानं. अक्काला विचारलं तर म्हणाली, “पायाला काय झालं माझ्या, चांगले हायेत.” माझ्या डोक्यातून मात्र ते चालणं गेलं नाही.

तुमचं चांगलंही सांगायला हवं. ते सांगताना मला त्रास होतो, पण सांगतो. जीप विकायच्या आधी आईची किडनी गेली, तेव्हा आठवड्यातून दोनदा तिला जालन्याला दवाखान्यात न्यावं लागायचं. तुम्ही जीपमध्ये त्या दिवशी एकही पॅसेंजर घ्यायचा नाहीत. मधल्या सीटवर गोधडी टाकून तिला आडवं करायचात आणि घनसावंगीपासून असं आणायचात की तिच्या अंगाला धक्का म्हणून लागायचा नाही. मी शेजारी बसलेला असायचो. मी गिअरचा माणूस, आवाजावरून कुठला दात झिजला ते सांगतो, पण तुम्ही दुसरा कधी टाकला, तिसरा कधी टाकला, हे मला कळायचं नाही. इंजिनाचा आवाज तेवढा बदलायचा. आई झोपून जायची. चार महिने तुम्ही हे केलंत आणि त्या चार महिन्यांत मला एकही टोमणा मारला नाहीत. मग आई गेली, आणि दहाव्याला घाटावरच तुम्ही म्हणालात, “मिस्त्री, आता तरी दुकानाची पाटी सरळ लाव.”

तुमच्या डाव्या हातासारखा हात तालुक्यात नव्हता. लकव्याचा झटका आला तेव्हा नेमका तोच गेला.

पाय महिनाभरात परत आला. बोलणं तर गेलंच नव्हतं, दुर्दैवानं. हात मागे राहिला. मूठ वळायची, कोपर हलायचं, पण खांद्यापासून लांब जायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, वापरत राहा, तो येईल. हळूहळू गाडीही चालवा, घाई करू नका. म्हणून तुम्ही माझ्याकडं आलात. शेजाऱ्यानं गाडी आणून दुकानासमोर लावली आणि तो त्याच्या कामाला गेला. मागच्या सीटवर अक्का होती. तुम्ही उतरलात, पाटीकडं बघितलंत, ती सरळ होती म्हणून गप्प बसलात आणि खिशातून मोबाइल काढलात.

“हे बघ. शॉर्ट शिफ्टर म्हणत्यात ह्याला.” मोबाइलवर कुणीतरी माणूस दोन बोटांनी फटाफट गिअर टाकत होता. “आपला दांडा पार तिकडं बाजूच्या सीटपर्यंत जातो. पहिला टाकायला गेलं की खांदा उपटतो माझा. हा बघ, एवढासा हलून राह्यला. एवढ्याशाला काय ताकद लागती? बराबर हाय ना, मिस्त्री?”

नव्हतं, दाजी. बराबर नव्हतं. लहान म्हणजे हलकं, अशी तुमची समजूत झाली होती. हापशाचा दांडा अर्धा कापून बघा. हात कमी हलवावा लागेल, पण पाणी काढायला दांड्याला लोंबकळावं लागेल. गिअरचं तेच आहे. जेवढा दांडा आखूड, तेवढा जोर जास्त. तो व्हिडिओतला माणूस धडधाकट होता आणि त्याची गाडी नवी होती. तुमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स सकाळी सकाळी माझ्याही मनगटाला ऐकायचा नाही.

तुम्हाला आखूड दांडा नको होता, जवळचा दांडा हवा होता. जुनाच दांडा काढायचा, लाल होईपर्यंत तापवायचा, चार बोटं तुमच्या बाजूला वाकवायचा आणि खालच्या सांध्यातल्या झिजलेल्या बुश बदलायच्या. लांबी तीच, म्हणून जोर तेवढाच, आणि हात खांद्यापासून लांब न्यायचं कारण नाही. अर्ध्या दिवसाचं काम. तुमचं बोलणं संपायच्या आत मला हे सगळं कळलं होतं. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं, तर मी त्याचा मोबाइल त्याच्या खिशात घालून हे समजावलं असतं.

तुम्हाला मी म्हणालो, “बराबर हाय, दाजी.”

त्यात नवीन काय होतं? वीस वर्षं तेच म्हणत होतो. जावयाला उलट बोलायचं नाही. त्या दिवशी नियम पहिल्यांदा माझ्या कामाला आला.

मी तुमच्यापुढं तीन दांडे मांडले. एक भंगारातल्या गाडीचा, थोडासाच आखूड. एक खराद्याकडं लेथवर बनवून घेतलेला. आणि एक पुण्याहून आलेला, चकचकीत, खाली तीन होल पाडलेला. तुम्ही उजव्या हातानं तिन्ही उचलून बघितले, भाजीवाल्याकडं वांगी बघावीत तसे, आणि चकचकीत तो घेतलात. तरीही मला वाट मोकळी होती. त्या तीन होलांपैकी वरच्या होलात बोल्ट टाकला, तर दांडा जवळजवळ जुन्यासारखा हलका चालतो. मधल्यात थोडा आखूड, थोडा जड. सगळ्यात खालच्या होलात टाकला तर तो दोन बोटं हलतो, आणि ती दोन बोटं हलवायला पैलवान लागतो.

अक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “चांगलं बसव रे. गाडीबिगर करमत न्हाई त्यांला. घरात बसले की माझाच जीव खात्यात.” हे तिनं सांगितलं होतं. म्हणजे तिच्यासाठी केलं असंही मला म्हणता येत नाही.

तुम्ही बाकावर चहा घेत बसलात. मी मधलं प्लास्टिकचं झाकण काढलं, दांड्याभोवतीचं रबराचं कव्हर वर ओढलं आणि जुना दांडा उपसून काढला. त्याच्या मुठीवरचे गिअरचे आकडे तुमच्या तळव्यानं पुसून गेले होते. नव्या दांड्याला भरपूर ग्रीस लावलं. ग्रीसमध्ये मी बेइमानी केली नाही, हे लिहून ठेवतो. तुमच्या हुकमाप्रमाणे वरून तीन बोटं कापलासुद्धा. मग गाडीखाली गेलो. बोल्ट आधी वरच्या होलात टाकला. मिनिटभर तसाच पडून राहिलो. मग तो काढला आणि खालच्या होलात टाकून पाना फिरवला. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं उसाचा फड होता आणि अक्काच्या हातातली पिशवी होती. मला बरं वाटलं. तुमचे बूट गाडीखालून दिसत होते, ते चहाच्या घोटाबरोबर हलत होते, आणि मी मनात म्हणत होतो, आता बघू.

दुकानापुढं छोटा चढ आहे. तुम्ही स्टिअरिंगवर, मी बाजूला, अक्का मागे. पहिला गिअर उभ्या गाडीत तुम्ही उजव्या हाताची मदत घेऊन टाकलात. गाडी निघाली. दुसरा आला नाही. गिअरबॉक्सचे दात करकरले. पुन्हा प्रयत्न केलात, पुन्हा करकरले. गाडी थांबली आणि थोडी मागे आली. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला. चहाच्या टपरीवरचे लोक उठून बघायला लागले. तुमच्या मानेची शीर फुगली होती. डाव्या हाताची बोटं मुठीवर पांढरी पडली होती. तुम्ही स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी दांडा ओढलात.

तेव्हाही मला म्हणता आलं असतं, थांबा दाजी, होल बदलून देतो. पंधरा मिनिटांचं काम होतं.

मी म्हणालो, आणि टपरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, “दाजी, गिअर बराबर हाय. तुमच्या हातातच जीव राह्यला न्हाई.”

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग तुम्ही दार उघडून उतरलात, बॉनेटला हात लावत लावत पलीकडून आलात आणि मी उठायची वाट बघत उभे राहिलात. घनसावंगीपर्यंत गाडी मी चालवली. मुद्दाम सफाईनं चालवली. जोर मला पण लागत होता, पण तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. अंबडला अक्कानं केळी घेतली. तुम्ही खाल्ली नाहीत. तुम्ही सगळा वेळ तुमचा डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडं बघत होतात.

लोकांना सांगायला माझ्याकडं कारण आहे. आजारी माणूस, रस्त्यावर ट्रॅक्टर, शाळेची पोरं, काही झालं असतं म्हणजे? ऐकायला चांगलं आहे. पण ते मला परतीच्या एसटीत सुचलं. बोल्ट फिरवताना ते डोक्यात नव्हतं.

त्यानंतर सात महिने तुम्ही ओसरीवर बसलात. गाडी समोर, ताडपत्रीखाली. हात वापरणं तुम्ही सोडून दिलंत. मेलेल्या हाताला काय वापरायचं, असं म्हणायचात म्हणे. आणि जीपभर माणसांना वाटून दिल्या जाणाऱ्या शिव्या सगळ्या एका अक्काला मिळायला लागल्या. चहा गार, भाकरी जाड, रेडिओ मोठा. तुम्ही तांब्या फेकून मारलात, तो भिंतीला लागला. याचा मी हिशेब केलाच नव्हता, दाजी. मी तुम्हाला तिच्यासाठी शिक्षा केली, आणि भोगायला तिच्याच दारात सोडून आलो. मग कळलं की अक्का आता उलट बोलते. मला आनंद झाला. बायकोला म्हणालो, बघ, शेवटी वाचा फुटली तिला.

दिवाळीनंतर मी भेटायला आलो, तेव्हा तुम्ही मला जवळ बसवलंत. 'मिस्त्री' म्हणाला नाहीत. माझं नाव घेतलंत. मला आधी कळेचना तुम्ही कुणाला हाक मारताय.

“जुना दांडा हाय का रे? तोच बसव परत. जमतंय का बघतो.”

तो माझ्या दुकानात आहे. आजही आहे. फळीवर, जुन्या बेअरिंगांच्या डब्यामागं. मी म्हणालो, “भंगारात गेला की दाजी. जालन्यात लोखंड पडून राहतं व्हय? भट्टीत जाऊन सळई झाली असंल. कुणाच्या तरी स्लॅबात असंल आता.”

तुम्ही हसलात. “मजबूत स्लॅब असंल मंग,” म्हणालात. आणि मान फिरवून गाडीकडं बघत बसलात.

पहिल्यांदा जे केलं ते रागात केलं, असं तरी म्हणता येईल. या दुसऱ्या वेळेला राग नव्हता. दांडा परत आणला असता तर तुम्ही विचारलं असतं, हा हलका का आणि तो जड का? तुम्ही तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. तुम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं. मी घाबरलो. माझी चोरी झाकायला मी तुमचा हात तुमच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतला.

मग दोन आठवड्यांमागं एका सकाळी दुसरा झटका आला. तुम्ही खाटेवरच गेलात, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

काल पंगती उठल्यावर अक्कानं किल्ली आणून माझ्या हातात दिली. “घिऊन जा ही. डोळ्यापुढं नको.” मी ताडपत्री काढली आणि आत बसलो. ती घरात जाईल असं वाटलं होतं. ती फिरून आली आणि बाजूच्या सीटवर बसली. इतक्या वर्षांत तिला मी पुढच्या सीटवर बसलेलं बघितलंच नव्हतं. तिनं पदरानं गिअरची मूठ पुसली. पुसता पुसता ती पुढं ढकलून बघितली. गेली नाही. तिनं जोर लावला. शेतात राबलेला, पाण्याच्या घागरी वाहिलेला हात तो. गेली नाही. मग मला क्लच दाबायला सांगून तिनं दोन्ही हात लावले, तेव्हा कुठं खट् करून गिअर पडला.

“एवढा जड?” ती म्हणाली. “सगळ्यांच्या गाडीचा असाच असतो का रे?”

मी म्हणालो, “न्हाई.”

“मंग?”

मी सांगितलं. जुन्या दांड्याचं, तीन होलांचं, तुम्ही विचारल्यावर मी काय म्हणालो त्याचं. कुंभार पिंपळगावच्या त्या बाजाराचंही सांगितलं. ती मला मारेल असं वाटलं, दारातून हाकलून देईल असं वाटलं, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती स्वतःच्या तळव्यांकडं बघत राहिली. मुठीच्या रेघा त्यांवर उमटल्या होत्या.

“डॉक्टरनं सांगितल्तं म्हून रोज तेल लावून हात चोळायची मी त्यांचा,” ती म्हणाली. “अन् ते बोंबलायला लागले की म्हणायची, कामून चोळून राह्यली मी, ह्या हातात जीवच न्हाई. लई लागायचं त्यांला. गप व्हायचे. म्हून रोज म्हणायची. गेले त्या सकाळी बी म्हणली.”

मग तिनं माझ्याकडं बघितलं.

“तू म्हणला म्हून म्हणली मी.”